निळ्या कार्डांची वाट

पट्टीवर दुसरी रेघ उमटायला पाच मिनिटं लागतात, असं डबीवर लिहिलं होतं. ती दीड मिनिटातच उमटली.

ठिबकनं तिसरी पट्टी आधीच्या दोन्हींशेजारी ठेवली आणि हात पँटला पुसले. तीन पानं, तीन पट्ट्या, तिन्हींवर दोन-दोन रेघा. पानं दोन नंबरच्या पॉलीहाऊसमधली होती. मातृझाडांची, म्हणजे ज्यांच्या काड्यांपासून नवी रोपं करतात त्यांची. ताईच्या शेवंतीची.

"दोन रेघा म्हटलं की गोड बातमी असते ना रे?" आत्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. आत्यांचीही तशी अपेक्षा नव्हती. त्यांना शांतता सोसत नसे, एवढंच.

"एक रेघ म्हणजे झाड निरोगी. दोन म्हणजे व्हायरस," ठिबक म्हणाला. "फुलकिडे आणतात. फुलकिड्यांना मारता येतं आत्या, पण ते चावून गेले की झाडाला औषध नाही."

"औषध नाही म्हणजे?"

"म्हणजे उपटायचं."

पॅकिंग शेडमधल्या लांब टेबलाभोवती घर बसलं होतं. एरवी या टेबलावर फुलांच्या दांड्या उंचीप्रमाणे लागायच्या. आज चहा होता, पट्ट्या होत्या, आणि एका टोकाला निळ्या चिकट कार्डांची चळत. निळा रंग दिसला की फुलकिडे वेड्यासारखे झेपावतात. म्हणून चारही हाऊसमध्ये झाडांच्या डोक्यावर ही कार्डं टांगलेली असायची. दर मंगळवारी ठिबकची बायको भिंग लावून त्यांच्यावरचे ठिपके मोजायची. गळ्यात भिंग आणि पायाला भिंगरी, म्हणून ताईनं तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. ठिबकचं नावही ताईचंच. लहानपणी त्याचं नाक सदा वाहायचं. पुढे त्यानंच सगळीकडे ठिबकच्या नळ्या टाकल्या, तेव्हा ताई म्हणाली होती, "बघा, मी भविष्य सांगते."

ताईला जाऊन पाच महिने झाले होते. नावं तेवढी मागं राहिली होती.

"मी आधीच सांगितलं होतं," आत्यांनी बशी खाली ठेवली. "किडे मारायला किडे विकत आणायचे! पाहुणे घालवायला पाहुणे बोलवल्यासारखं. फवारणी होती तेव्हा असलं काही झालं होतं? दादा, तूच सांग," त्या आप्पांना, आपल्या भावाला, म्हणाल्या.

भिंगरीनं मान वर केली नाही. हे येणार हे तिला ठाऊकच होतं. गेल्या वर्षी तिनं हट्टानं फवारे बंद करवले होते आणि झाडाझाडाला मित्रकोळ्यांच्या पुड्या टांगल्या होत्या. डोळ्याला न दिसणारे कोळी, फुलकिड्यांची पिल्लं खाणारे. तिचे सासरे, आप्पा, तेव्हा म्हणाले होते, एक वर्ष देतो. वर्ष संपायला तीन आठवडे होते. आजचा दोष तिच्यावर आला असता तर पंप पुन्हा सुरू झाले असते, आणि ती या टेबलावर दांड्या मोजत बसली असती, लग्न करून आली तेव्हासारखी.

एका वाक्यात ती सुटली असती. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं आणि सासूच्या रूपानं टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी बसलं होतं, खांद्यावर निळा स्वेटर टाकून.

तिनं चहाचा घोट घेतला. चहा कधीच निवला होता.

"तिच्या कोळ्यांचा दोष नाही," ठिबक म्हणाला.

"मग कुणाचा?"

"उन्हाळा लवकर आला. हवा कोरडी पडली. असल्या हवेत हे फुलकिडे बारा दिवसांत पिढी काढतात."

"मग पाण्याचं धुकं सोडणारे ते फॉगर चालवायचे होते!"

"चालवले. आणखी चालवले असते तर पानांवर बुरशी आली असती."

"बायकोची बाजू घ्यायला जीभ बरी चालते तुझी."

 आप्पा खिडकीतून दोन नंबरच्या दाराकडं बघत होते. पांढऱ्या रंगावर काळ्या अक्षरांत, बायकोच्या ठसठशीत हस्ताक्षरात लिहिलं होतं: निळं-पिवळं बाहेर. त्याखाली खुंट्यांची रांग, प्रत्येकीवर एकेक पांढरा कोट. कपड्यांवर बसून फुलकिडे एका हाऊसमधून दुसऱ्यात जातात, म्हणून हा नियम. तीस वर्षं तिनं तो असा पाळला होता की एकदा खतकंपनीचा साहेब निळा शर्ट घालून आला, तर तिनं त्याला दारातच शर्ट उतरवायला लावला आणि कोट घालून आत घेतलं. बिचारा तासभर कोटाची बटणं धरून माहिती देत होता. आणि ताईच्या नवव्या वाढदिवसाला, नवा निळा फ्रॉक बदलेपर्यंत पोर दाराबाहेर उभी होती, रडून लाल.

आप्पांनी बायकोला हा नियम मोडताना पहिल्यांदा पाहिलं ते ताई गेल्यानंतर दहाव्या-अकराव्या दिवशी. पंपाच्या खोलीतून. कडाक्याची थंडी होती. ती ताईचा निळा स्वेटर घालून दोन नंबरमध्ये शिरली. कोट खुंटीवरच राहिला. आप्पा दोन पावलं पुढं आले, मग थांबले. आज नको, म्हणाले. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाले. थंडी सरली, तिनं स्वेटर घालायचा सोडला आणि खांद्यावर टाकायला लागली, बाह्या गळ्याशी बांधून. तरी आप्पांचा उद्या काही उगवला नाही.

"आई, आपण जेवून घ्यायचं का आधी?" ठिबक म्हणाला.

"कार्डं दे इकडं," आई म्हणाली.

पाच महिन्यांत ती आपणहून बोलली, की सगळे दचकायचे. भिंगरीनं चळत पुढं सरकवली. आईनं चष्मा लावला.

प्रत्येक कार्डाच्या पाठीमागं भिंगरीनं हाऊस, ओळ आणि जागा लिहिली होती. आईनं टेबल रिकामं करायला लावलं. चहाचे कप खिडकीत गेले, आत्यांची पर्स मांडीवर गेली. मग आईनं टेबलावर अख्खं शेत मांडलं. इथं चार नंबर, इथं तीन, हा मधला रस्ता, हे दोन नंबरचं दार. एकेक कार्ड तिनं जिथं टांगलेलं होतं तिथं ठेवलं. हात सराईत होते. ठिबकला वाटलं, बऱ्याच दिवसांनी आईला बघतोय.

"चार नंबर. बाहेरून आले असणार, त्या बाजूला गवत आहे. भिंतीकडून आत पसरलेत, पंख्याच्या वाऱ्यानं. बरोबर आहे. फुलकिडा असाच पसरतो, सांडलेल्या दुधासारखा." तिचं बोट पुढं सरकलं. "पण तीन नंबरमध्ये बघा. कडेची कार्डं स्वच्छ. मधल्या वाटेवरची भरलेली. एक, दोन, तीन, चार, सरळ रेषेत. दारापर्यंत. मग दोन नंबरचं दार, आणि तिथूनही सरळ रेषेत त्या बाकाच्या कोपऱ्यापर्यंत."

"वारा असेल," आप्पा म्हणाले. 

"वारा वाटेनं चालत नाही. अहो, हे कुणीतरी चालत नेलंय. चारमधून निघून, तीनमधून, दोनमध्ये. रोज." तिनं मान वर केली. "नवीन बायका कामाला घेतल्यात त्यांना कोटाचं नीट सांगितलंय ना?"

"सांगितलंय," भिंगरी म्हणाली.

"मग कोण जातं रोज या वाटेनं?"

आत्यांनी तोंड उघडलं, एकेकाचं तोंड पाहिलं आणि मिटलं. ठिबक नखातली माती काढायला लागला. आईनं चष्म्यावरून सगळ्यांकडं बघितलं, मग पुन्हा कार्डांकडं.

"आणि बाकाच्या कोपऱ्यात इतकी कार्डं कशाला? एका ओळीला दोन लावतो आपण. इथं नऊ आहेत."

"मी लावली," ठिबक पुटपुटला.

"का?"

त्यानं भिंगरीकडं पाहिलं.

"त्याच कोपऱ्यात कोळ्यांच्या पुड्याही दुप्पट दिसल्या मला. फॉगरचं तोंडही तिकडंच वळवलंय. मला वाटलं..." आई थांबली.

त्या कोपऱ्यात बाक होता. बाकासमोर ताईची एकशे चाळीस झाडं होती. सोळा वर्षांपूर्वी एका गुलाबी शेवंतीची एकच फांदी वेगळी फुलली होती, पांढरट, पोटात हिरवी. बाकीच्यांनी ती खराब म्हणून सोडली असती. एकोणीस वर्षांच्या ताईनं तिची काडी लावली, त्या काडीच्या काड्या केल्या, आणि आज या घरातून जाणारी निम्मी फुलं त्याच एका फांदीची लेकरं होती. मातृझाडांना स्वतः फुलू द्यायचं नसतं. रात्रीतून दोन तास दिवे लावून त्यांना फसवायचं असतं, की दिवस अजून मोठा आहे, घाई नाही. म्हणजे ती काड्या देत राहतात. रोज दुपारी आई चार नंबरमधलं काम उरकून, तीनमधून, त्या बाकावर जाऊन बसायची.

आईचा हात गळ्याशी गेला. बाह्यांची गाठ तिच्या बोटांना लागली.

भिंगरीनं डोळे मिटून घेतले.

"पांढरा कागद दे," आई म्हणाली.

"आई, राहू दे ना."

"कागद दे गं. आणि तुझं भिंग."

भिंगरीनं बिलबुकातलं कोरं पान फाडून दिलं. गळ्यातलं भिंग काढताना दोरी केसांत अडकली. आईनं गाठ सोडली, स्वेटर कागदावर धरला आणि तळहातानं हलकेच टपली मारली. फुलावर मारतात तशी, तीनदा. हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. जोरात मारलं तर उडून जातात, हळू मारलं तर पडत नाहीत.

कागदावर बारीक काड्यांचे तुकडे पडल्यासारखे दिसले. मग ते तुकडे चालायला लागले.

"एक," आई भिंगातून बघत म्हणाली. "दोन. तीन. हे पिल्लू आहे. चार."

"पुरे," आप्पा म्हणाले.

"पाच. मोजणी अर्धी सोडायची नसते. सहा, सात."

चौदा झाले. तिनं कागदाची पुडी केली, चारही बाजूंनी दुमडून घट्ट दाबली आणि भिंग टेबलावर ठेवलं.

"तू पाहिलं होतंस?" तिनं भिंगरीला विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"आणि मघाशी वन्सं तुला बोलत होत्या तेव्हा गप्प बसलीस."

भिंगरीचा हुंदका बाहेर पडला. "काय सांगू मी आई? काय म्हणून सांगू? तुम्ही तो नाकाशी धरून बसायचात."

आईनं एकेकाकडं पाहिलं. ठिबककडं, मग आप्पांकडं. आप्पा म्हणाले, "उद्या सांगू म्हटलं."

"मला कुणी सांगितलं असतं तर मी सांगितलं असतं," आत्या म्हणाल्या. गुडघ्यांमुळं त्या दोन वर्षांत हाऊसमध्ये गेल्या नव्हत्या.

"म्हणूनच तुम्हाला नाही सांगितलं आत्या," ठिबक म्हणाला. आई क्षणभर हसल्यासारखी झाली आणि त्या हसण्यातच तिला रडू फुटलं.

"परक्या माणसाला उघडा केला मी त्या दारात. माझ्या पोरीला वाढदिवसाला रडवलं. आणि मला..." तिनं पदरानं नाक पुसलं. "ती असती तर पहिल्याच दिवशी ओरडली असती, आई, डोकं ठिकाणावर आहे का? घरात फटकळ तोंड एकच होतं. ते गेलं."

आत्या उठल्या. खुर्ची धरत, टेबल धरत त्या भिंगरीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. हात मात्र बराच वेळ तिथंच राहिला.

ठिबकनं खिशातून आणखी पट्ट्या काढल्या. हे त्यानं आतापर्यंत राखून ठेवलं होतं. "आठ झाडं वाचलीत," तो म्हणाला. "वाटेपासून लांबच्या, कडेच्या ओळीतली. बाकी सगळ्यांवर वलयं आलीत; ही सकाळी तपासली. एकच रेघ. आई, आठ पुरतात. तिनं तर एका फांदीपासून सुरुवात केली होती."

आप्पा खिडकीपासून वळले. "मागची खोली आहे. जाळी मारू, दुहेरी दार करू. आठ ठेवू या."

"आज एक रेघ म्हणजे आज एक रेघ," आई म्हणाली. "पंधरा दिवसांनी?"

"पंधरा दिवसांनी बघू ना!"

"आणि तोवर बाकीच्या बावीस जातींचं काय? चाळीस माणसं या काड्यांवर जेवतात."

"आम्ही कुणाला आत जाऊच देणार नाही," ठिबक म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "कुलूप लावू. मी लावीन."

"किल्ली मी मागीन रे." आईनं स्वेटरची घडी घालायला घेतली. "तू देशील. हे बघून न बघितल्यासारखं करतील. ही पुड्या टांगेल. मी जाईन तिथं, रोज जाईन. मला माहीत आहे ना मी." तिनं घडी मोडली, पुन्हा घातली. "आठही काढायची."

 आप्पा उठून दोन नंबरकडं गेले. भिंतीवरच्या पेटीत दिव्यांचं टायमर होतं, सोळा वर्षं न चुकता चाललेलं. त्यांनी ते बंद केलं आणि पेटीचं झाकण लावून त्यावर हात टेकून उभे राहिले.

झाड आधी पिशवीत घ्यायचं, मग उपटायचं. उलटं केलं तर हलवताना फुलकिडे उडतात. आईनं पांढरा कोट घातला, कॉलरपर्यंत बटणं लावली. ती पिशवी उलटी करून झाडावर घाली, बुंध्याशी मूठ आवळी आणि ओढी. भिंगरी पिशवीचं तोंड बांधी. ठिबकनं नळ्या बंद केल्या होत्या तरी माती ओली होती, मुळं सहज सुटत होती. आत्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि बांधलेल्या पिशव्या मोजायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाकाच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या ओळीत आई थांबली.

"भिंगरी. इकडं ये."

एका झाडाला कळी होती. वरचा दिवा गेला होता, किती दिवस झाले कुणास ठाऊक. त्या एका झाडाला खरी रात्र मिळाली होती, आणि ते फुलायला निघालं होतं. कळीच्या टोकाशी पांढरं दिसायला लागलं होतं, आत हिरवट. खालच्या दोन पानांवर तपकिरी वलयं होती.

"रोज इथं बसायची मी," आई म्हणाली. "आणि दिवा गेलेला दिसला नाही."

 कोटाच्या बाहीनं भिंगरीनं डोळे टिपले, मग कोटावरचे किडे आठवले, आणि बाही झटकली.

"खुडायची का कळी?" तिनं विचारलं. "फुलदाणीत फुलेल दोन दिवसांनी. शेडमध्ये ठेवू."

आईनं बोटाच्या टोकानं कळी जराशी वळवून बघितली. मग पिशवी घातली.

"एकशे चाळीस," दारातून आत्या म्हणाल्या.

पिशव्या मागच्या भिंतीशी उन्हात रचल्या. संध्याकाळपर्यंत त्या फुगल्या, आतून घामेजल्या. तिसऱ्या दिवशी आत सगळं काळं होतं.

राहिला स्वेटर. उकळत्या पाण्यात घातला की काम झालं असतं, पण तो पाच महिन्यांत धुतला नव्हता आणि का धुतला नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. भिंगरीनंच वाट काढली. थंड खोलीत बर्फाच्या पिशव्यांचा फ्रीझर होता. "दहा दिवस त्यात ठेवू, पिशवीत बंद करून," ती म्हणाली. "किडे मरतील, आणि..." पुढचं तिनं सांगितलं नाही. आईनं स्वतः पिशवीतली हवा काढली, तोंड बांधलं.

त्या दहा दिवसांत आप्पांनी फवारणीचं नाव काढलं नाही. पंपावर जळमटं होती तशीच राहिली. दोन नंबरची माती वाफेनं भाजून निर्जंतुक झाली.

अकराव्या दिवशी सकाळी आईनं पिशवी सोडली. पांढऱ्या कागदावर तीन टपल्या मारल्या. भिंगरी भिंग घेऊन वाकली.

"काही नाही," ती म्हणाली. "स्वच्छ."

आईनं स्वेटर नाकाशी नेला. बराच वेळ. ठिबक दारात थांबला होता, हातातल्या नळीचं वेटोळं तसंच धरून.

"येतोय का वास?" भिंगरीनं हळूच विचारलं.

"प्लॅस्टिकचा," आई म्हणाली.

तिनं स्वेटर हातावर टाकला आणि ती दोन नंबरच्या दाराशी आली. खुंट्यांच्या रांगेत शेवटून दुसरी खुंटी ताईची होती. तिच्यावर ताईचा कोट पाच महिने तसाच लटकत होता, कुणी काढला नव्हता. आईनं तो काढला. त्या जागी स्वेटर अडकवला, बाह्या सरळ केल्या, एका बाहीचा सुटलेला धागा आत खोचला.

मग ताईचा कोट अंगात घातला. तो तिला खांद्यांत मोठा होता. बटणं लावताना तिचे हात जरा थांबले. खिशात काहीतरी होतं, काडी कापायची छोटी सुरी. ती तिनं परत खिशात टाकली.

"चल," ती भिंगरीला म्हणाली. "कोपऱ्यातला दिवा बदलायचाय."

आणि दार उघडून ती रिकाम्या हाऊसमध्ये गेली.